नऊ प्रश्न, चौदा चिंचोके : ‘पीएचक्यू-९’ या प्रश्नावलीचे सोलापुरातील वापरावरून केलेले परीक्षण

मनोविकारशास्त्रात एम.डी. झाल्यावर मी स्वतःचा दवाखाना न काढता वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्याचे आणि संशोधनाचे काम धरले, तेव्हा वडिलांनी मला एकच प्रश्न विचारला होता. ते आयुष्यभर यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेबनीस होते आणि मोजता न येणाऱ्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नसे. हृदयाच्या डॉक्टरकडे ईसीजी असतो, साखरेच्या डॉक्टरकडे रक्ताचा रिपोर्ट असतो, मग माणसाचे मन किती खचले आहे हे तू कशाने मोजणार, असे त्यांनी विचारले. मी त्यांच्यासमोर एक कागद ठेवला. एकाच बाजूला छापलेला, नऊ ओळींचा आणि चार रकान्यांचा. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, शेवटच्या ओळीवर जरा थांबले आणि काही न बोलता कागद परत दिला.

त्या कागदाचे नाव पीएचक्यू-९, म्हणजे ‘पेशंट हेल्थ क्वेश्चनेअर’चा नऊ प्रश्नांचा भाग. नैराश्य ओळखण्यासाठी आणि त्याची तीव्रता मोजण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलींमध्ये त्याची गणना होते. शरीराच्या आजारासाठी दाखल झालेल्या रुग्णांच्या मनाचा अभ्यास हे माझे क्षेत्र आहे. इंग्लंडमध्ये काही ठिकाणी त्याला ‘सायकॉलॉजिकल मेडिसिन’ म्हणतात, आपल्याकडे ‘लायझन सायकियाट्री’ हा शब्द अधिक रुळला आहे. गेली बारा वर्षे मेडिसिनच्या वॉर्डात, क्षयरोगाच्या ओपीडीत आणि डायलिसिसच्या खाटांपाशी हा कागद माझ्या हातात आहे. दरवर्षी सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहिण्याच्या दिवसांत निवासी डॉक्टर आणि मानसशास्त्राचे पीएच.डी. करणारे विद्यार्थी येऊन विचारतात, ‘मॅडम, कोणती प्रश्नावली घेऊ?’ संशोधनाच्या आयुष्यात साधनाची निवड एकदा होते आणि पुढची अनेक वर्षे ती निभवावी लागते. म्हणून एखाद्या वस्तूचे करावे तसे या प्रश्नावलीचे परीक्षण मी येथे करीत आहे. रुग्णांची ओळख पटू नये यासाठी आवश्यक ते तपशील बदलले आहेत.

प्रथम वस्तूची माहिती. १९८० मध्ये अमेरिकेतील मनोविकारांच्या वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली, त्या रॉबर्ट स्पिट्झर यांनी १९९४ मध्ये सहकाऱ्यांसह ‘प्राइम-एमडी’ नावाचे एक साधन प्रसिद्ध केले. सामान्य डॉक्टरांनी आपल्या रुग्णांमधील मनोविकार ओळखावेत हा त्यामागचा हेतू होता. परंतु त्यात डॉक्टरांनाच प्रश्न विचारावे लागत आणि गर्दीच्या ओपीडीत तेवढा वेळ कोणाकडेच नसे. म्हणून १९९९ मध्ये रुग्णाने स्वतः भरायची आवृत्ती आली, आणि तिच्यातील नैराश्याचा भाग वेगळा काढून कर्ट क्रोएन्के, स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स यांनी २००१ मध्ये त्याची तपासणी प्रसिद्ध केली. तोच पीएचक्यू-९. नैराश्याच्या अधिकृत निदानासाठी जी नऊ लक्षणे मानली जातात, त्यांतील प्रत्येकासाठी एक प्रश्न अशी त्याची सरळ बांधणी आहे : कशातही रस न वाटणे, उदासी, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणे, लक्ष न लागणे, हालचाल किंवा बोलणे मंदावणे अथवा जीवाची तगमग, आणि शेवटी मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. मागच्या दोन आठवड्यांत हे किती दिवस झाले, एवढेच विचारायचे. ‘अजिबात नाही’ याला शून्य, ‘काही दिवस’ याला १, ‘निम्म्याहून अधिक दिवस’ याला २ आणि ‘जवळजवळ रोज’ याला ३ गुण. एकूण गुण ० ते २७. त्यात ५, १०, १५ आणि २० या पायऱ्या सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र अशा धरल्या आहेत.

किमतीच्या बाबतीत या साधनाला तोड नाही, कारण त्याला किंमतच नाही. फायझर या औषध कंपनीच्या अनुदानातून ते तयार झाले आणि कोणाचीही परवानगी न घेता ते छापण्याची, वाटण्याची, भाषांतर करण्याची मुभा आहे. नैराश्यावरचे औषध विकणाऱ्या कंपनीनेच नैराश्य मोजण्याच्या साधनाला पैसे द्यावेत, यावर आक्षेप घेतले गेले आहेत आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजेत. तरीही ज्या विद्यार्थ्याला शंभर-दोनशे रुग्णांचा अभ्यास पदरच्या पैशाने करायचा असतो, त्याच्या दृष्टीने परवाना शुल्क नसणे ही फार मोठी सोय आहे, हे मान्य करावेच लागेल. आमच्या क्षेत्रातील इतर दोन प्रसिद्ध साधने, म्हणजे डेव्हिड गोल्डबर्ग यांची १९७२ ची जनरल हेल्थ क्वेश्चनेअर आणि झिगमंड व स्नेथ यांची १९८३ ची हॉस्पिटल अँग्झायटी अँड डिप्रेशन स्केल, यांच्यासाठी रीतसर परवाना घ्यावा लागतो. अनेक प्रबंधांमध्ये ती बिनपरवाना वापरलेली दिसतात. तसे करू नये.

आता अचूकतेविषयी. मूळ अभ्यासात १५ दवाखान्यांतील ६,००० रुग्णांनी हा कागद भरला होता आणि त्यांपैकी ५८० जणांची मानसोपचार क्षेत्रातील व्यक्तींनी स्वतंत्र मुलाखत घेतली होती. दहा किंवा अधिक गुण ही सीमा धरली, तर प्रश्नावलीने नैराश्य असलेल्यांपैकी ८८ टक्के पकडले आणि नैराश्य नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर वगळले. हे दोन आकडे इतके गोंडस आहेत की सिनॉप्सिसमध्ये ते उतरवून घेतले की आपले काम झाले असे विद्यार्थ्यांना वाटते. मी त्यांना तिथेच थांबवते आणि फळ्यावर गणित मांडायला लावते. समजा, एक हजार रुग्ण आहेत आणि त्यांतील १०० जणांना खरोखर नैराश्य आहे. त्यांपैकी ८८ सापडतील, १२ निसटतील. उरलेल्या ९०० जणांतील १२ टक्के, म्हणजे १०८ जण, आजार नसताना दहाच्या वर जातील. दहाच्या वर गेलेले एकूण झाले १९६ आणि त्यांत खरे रुग्ण ८८. म्हणजे ज्यांना आपण ‘नैराश्यग्रस्त’ म्हणून तक्त्यात मांडणार, त्यांतील निम्म्याहून अधिक माणसे नैराश्यग्रस्त नाहीत. गणित करून झाल्यावर वर्गात नेहमीच थोडा वेळ शांतता पसरते.

हे केवळ फळ्यावरचे गणित नाही. २०२० मध्ये ४४ अभ्यासांतील ९,००० हून अधिक सहभागींची मूळ माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा पीएचक्यू-९ मध्ये दहा किंवा अधिक गुण असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्के आले आणि त्याच अभ्यासांत निदानासाठीच्या रीतसर मुलाखतीने आलेले प्रमाण होते सुमारे १२ टक्के. जवळजवळ दुप्पट. आपल्या देशात बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, तेव्हा घरोघरी जाऊन ठरावीक साच्याची निदानात्मक मुलाखत घेतली आणि प्रौढांमध्ये त्या वेळी नैराश्य असलेल्यांचे प्रमाण २.७ टक्के नोंदवले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपल्याकडचे प्रत्येक स्थानिक संशोधन मोलाचे आहे आणि त्यातला प्रत्येक फुगलेला आकडा तितकाच नुकसानकारक आहे. ‘अमुक रुग्णांमधील नैराश्याचे प्रमाण’ असे शीर्षक द्यायचे, दोनशे कागद भरून घ्यायचे, दहाच्या वरचे मोजायचे आणि चाळीस टक्के नैराश्य आढळले असे छापायचे, हा मार्ग सोपा आहे, बढतीसाठी शोधनिबंध हवेच असतात, आणि पहिल्या दोन वर्षांत मीही त्याच मार्गाने गेले होते. तो निबंध आज माझ्या हाती असता, तर मी शीर्षकात ‘नैराश्य’ न लिहिता ‘नैराश्यसदृश लक्षणे’ असे लिहिले असते.

पण या साधनाची खरी परीक्षा आकड्यांत नव्हे तर भाषेत होते, आणि सोलापुरात ती जितकी कठीण होते तितकी फार थोड्या शहरांत होत असेल. मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांतील अनुवाद विनामूल्य मिळतात, त्यामुळे कागदोपत्री आपली सोय झालेली आहे. परंतु शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली या विणकर समाजाच्या कुटुंबांत घरी तेलुगू बोलतात, तरी शाळा मराठीतून झाल्यामुळे अनेकांना तेलुगू लिपी वाचता येत नाही. अक्कलकोटकडून येणाऱ्या कन्नड बोलणाऱ्या वृद्धांची गतही तीच. शिवाय विडी वळणाऱ्या कितीतरी बायका कोणतीच लिपी वाचत नाहीत. रुग्णाने स्वतः भरायची म्हणून बनवलेली ही प्रश्नावली आमच्याकडे जवळजवळ नेहमी वाचून दाखवावी लागते, आणि वाचून दाखवली की ती प्रश्नावली राहत नाही, मुलाखत होते. विचारणाऱ्याचा आवाज, खाटेजवळ उभी असलेली सासू, शेजारच्या खाटेवरचे कान टवकारलेले नातेवाईक, या सगळ्यांचा परिणाम उत्तरावर होतो. कोणी वाचून दाखवले, कोठे आणि कोणासमोर, ही नोंद प्रत्येक कागदावर केलीच पाहिजे. प्रबंधांत ती क्वचितच सापडते.

पहिला अडसर चार रकान्यांचा. साठीच्या घरातल्या एका मावशींना मी विचारले, ‘मागच्या दोन आठवड्यांत झोपेचा त्रास किती दिवस झाला? काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज?’ त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘निम्म्याहून जास्त म्हंजे किती ओ, म्याडम?’ हिशेबात त्या कच्च्या नव्हत्या. दिवसाला हजार विड्या वळून, त्यांचे कट्टे बांधून, मोजून देणारी ती बाई. तिला निम्मे कळत नव्हते असे नाही. तिच्या दिवसांना तारखा नव्हत्या, एवढेच. त्या दिवशी मी घरून मूठभर चिंचोके आणले, त्यांतले चौदा निवडले आणि दुसऱ्या दिवशी ते मावशींच्या चादरीवर ओळीने मांडले. ‘मावशी, हे मागचे चौदा दिवस, दोन बाजारांपासून आजपर्यंतचे. ज्या रात्री झोप लागली नाही, तेवढे इकडे सरकवा.’ त्यांनी एक एक करून नऊ चिंचोके सरकवले, थोड्या थांबल्या, आणि त्यांतला एक परत जागेवर ठेवला. म्हणाल्या, ‘त्या रातीला लेक आलती. झोप लागली.’

छापील कागदाने मला ‘दोन गुण’ एवढेच सांगितले असते. चिंचोक्यांनी आठ रात्री सांगितल्या, आणि लेक आलेली ती एक रात्रही सांगितली. दिवसांवरून गुण ठरवायला आधारही आहे : अमेरिकेतील मोठ्या आरोग्य सर्वेक्षणात दिवसांची संख्या विचारून ० किंवा १ दिवसाला शून्य, २ ते ६ दिवसांना १, ७ ते ११ दिवसांना २ आणि १२ ते १४ दिवसांना ३ असे गुण दिले गेले आहेत. तीच वाटणी आम्ही ठेवली. तेव्हापासून माझे विद्यार्थी कागदाबरोबर चौदा चिंचोक्यांची छोटी पिशवी घेऊन वॉर्डात जातात. वेळ थोडा जास्त लागतो, पण ‘सांगता येत नाही’ ही उत्तरे जवळजवळ बंद झाली.

दुसरा अडसर शब्दांचा. ‘खिन्न’ हा शब्द ज्यांनी शाळेत वाचला त्यांनाच कळतो. ‘उदास’ कळतो, पण वॉर्डात कोणी आपणहून तो वापरत नाही. लोक म्हणतात, ‘कशात जीव लागत नाही’, ‘डोस्क्यात लई इचार येतात’, ‘अंगात त्राण नाही’, ‘कसनुसंच होतंय’, आणि अलीकडे सर्रास, ‘टेन्शन आलंय’. यांतील ‘इचार येतात’ हा प्रकार नैराश्याकडे जातो की चिंतेकडे, हे ती बाई पुढे काय सांगते त्यावरच ठरते, आणि प्रश्नावलीत तिने पुढे काही सांगायला जागा नाही. सहाव्या प्रश्नाची गोष्ट तर मी दर वर्षी सांगते. मुळात तेथे स्वतःला किंवा कुटुंबाला अपेक्षेप्रमाणे पुरे न पडल्याची भावना विचारलेली आहे. एका कच्च्या मसुद्यात आम्ही त्याचे ‘घरच्यांना मान खाली घालायला लावली असे वाटते का’ असे मराठी केले होते. वाक्य वाचायला छान होते. पण पहिल्याच आठवड्यात एक तरुण विवाहिता ते ऐकून ताडकन उठून बसली आणि म्हणाली, ‘मी काय केलं म्हणून मान खाली घालू?’ मान खाली घालणे म्हणजे घराण्याच्या अब्रूला डाग लागणे. तिच्या चारित्र्यावर आम्ही बोट ठेवले असे तिला वाटले आणि तिचे काही चुकले नव्हते. आता आम्ही ‘आपण घरच्यांना पुरे पडत नाही, आपल्यामुळे त्यांचे नुकसान होते, असे मनात येते का’ असे विचारतो. सातव्या प्रश्नात लक्ष लागण्याचे उदाहरण वर्तमानपत्र वाचण्याचे आणि दूरदर्शन पाहण्याचे आहे. विडी कामगारांसाठी आम्ही ‘विड्या मोजताना मोजणी चुकते का’ असे उदाहरण जोडले, आणि जोडले आहे हे शोधनिबंधात स्पष्ट लिहिले. पाचव्या प्रश्नात कमी भूक आणि जास्त खाणे एकत्र कोंबलेले आहे, आठव्यात मंदावणे आणि तगमग. एका वाक्यात दोन विरुद्ध गोष्टी विचारल्या की ऐकणारा माणूस शेवटची तेवढी लक्षात ठेवतो. हा मूळ साधनाचाच दोष आहे आणि अनुवादाने तो जात नाही.

अनुवाद म्हटला की एक कडू अनुभव सांगितला पाहिजे. सोलापुरी तेलुगूसाठी आम्ही दुसऱ्या शहरातील एका भाषांतर संस्थेला पैसे देऊन काम दिले होते. रीत अशी असते : दोन जणांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, दोन्ही पडताळून एक मसुदा करायचा, मूळ मजकूर न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने त्याचे पुन्हा इंग्रजी करायचे, आणि मग काही रुग्णांना प्रत्येक प्रश्नातून त्यांना काय समजले हे त्यांच्याच शब्दांत विचारायचे. संस्थेकडून परत आलेले इंग्रजी मूळ प्रश्नावलीशी शब्दन् शब्द जुळत होते. माझ्या सहकाऱ्याला आनंद झाला, मला मात्र शंका आली, कारण दोन भाषांतून जाऊन आलेले वाक्य इतके जसेच्या तसे कधीच परत येत नाही. चौकशी केली तेव्हा उलट भाषांतर करणाऱ्याच्या समोर मूळ कागद होता असे कळले. पैसे गेले, चार महिने गेले. शेवटी पूर्व भागातल्याच दोन शिक्षिका आणि एक निवृत्त परिचारिका यांच्या मदतीने आम्ही ते काम नव्याने केले, आणि तो मसुदा आजही टिकून आहे.

शारीरिक आजार असलेल्या रुग्णांमध्ये या साधनाची आणखी एक मर्यादा आहे आणि माझ्या क्षेत्रासाठी तीच सर्वांत मोठी. क्षयरोग झालेला, वजन घटलेला यंत्रमाग कामगार घ्या. रात्री खोकल्याने झोप नाही, ३ गुण. अंगात शक्ती नाही, ३. अन्नावर वासना नाही, ३. मनाबद्दल एक अक्षरही न विचारता नऊ गुण झाले. ‘घरची काळजी वाटते’ असे तो म्हणाला की एका गुणाने तो ‘मध्यम नैराश्या’त जाऊन बसतो. त्याला औषध हवे आहे ते क्षयाचे. मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना आणि वॉर्डातील पंखा गरम वारा फेकत असताना, झोपेच्या प्रश्नाला कोण शून्य देईल? म्हणूनच हॉस्पिटल अँग्झायटी अँड डिप्रेशन स्केलमध्ये झोप, भूक आणि थकवा हे प्रश्न मुद्दाम टाळलेले आहेत. परंतु ते टाळण्यालाही किंमत आहे, कारण आपल्याकडे कित्येक रुग्णांचे नैराश्य अंगदुखी आणि थकव्याच्या रूपानेच दवाखान्यात येते, आणि ते प्रश्न काढून टाकले की हे रुग्ण जाळ्यातून निसटतात. माझा तोडगा असा आहे की एकूण गुणांबरोबर पहिल्या दोन प्रश्नांचे गुण वेगळे पाहावेत. रस न वाटणे आणि उदासी या दोनच प्रश्नांचे ‘पीएचक्यू-२’ हे रूप २००३ मध्ये स्वतंत्रपणे तपासले गेले आहे आणि त्यात ३ ही सीमा सांगितली आहे. एकूण बारा गुण आणि पहिल्या दोन प्रश्नांत शून्य, असा कागद आला तर मी मानसोपचाराआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचे रिपोर्ट मागते.

नववा प्रश्न हा या कागदाचा सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत जोखमीचा भाग आहे. आमच्या एका अभ्यासात गल्लीतल्या एका दुकानातून झेरॉक्स काढून आणल्या, तेव्हा लांब कागदावरचा मूळ नमुना लहान कागदावर आला आणि तळची ओळ कापली गेली. चाळीस कागद आठ प्रश्नांचेच भरले गेले आणि एकाही विद्यार्थ्याच्या ते लक्षात आले नाही. मला धक्का बसला तो चाळीस नोंदी वाया गेल्याचा नव्हे. तो प्रश्न विचारायला कोणालाच नको होता, म्हणून तो नसल्याचे कोणाला खटकले नाही, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले. मरणाविषयी विचारले तर विचार नसलेल्याच्या डोक्यात तो घातला जाईल, ही भीती चुकीची आहे. नीट विचारल्याने बहुतेकांना मोकळे वाटते. त्या चाळीस जणांना आम्ही पुन्हा गाठले, जेवढे सापडले तेवढ्यांना, आणि प्रत्येकाला तो प्रश्न विचारला.

मात्र त्या प्रश्नाच्या गुणांवर डोळे झाकून विसंबता येत नाही. पंढरपूरहून आलेल्या, माळ घातलेल्या ऐंशी वर्षांच्या आजी म्हणतात, ‘रोज वाटतं, आता पांडुरंगानं न्यावं’. त्यांना मिळतात ३ गुण. बावीस वर्षांचा, कर्जात बुडालेला मुलगा मान न उचलता म्हणतो, ‘एकदोनदा आला होता इचार’. त्याला मिळतो १. आजी नातवंडांची चौकशी करीत, चहा मागत, शांतपणे बोलत होत्या. मुलाने त्या आठवड्यात घरातल्या कीटकनाशकाची बाटली कोठे असते हे मनाशी ठरवून ठेवले होते, आणि हे आम्हाला कागदाने नव्हे, कागद बाजूला ठेवून विचारलेल्या पुढच्या प्रश्नाने सांगितले. त्यामुळे आमचा नियम असा आहे की नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर एकूण गुण काहीही असोत, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाने त्या रुग्णाशी स्वतंत्र बसून बोलायचे. नैतिकता समितीपुढे प्रस्ताव ठेवताना ही व्यवस्था लेखी द्यावी; समितीने विचारण्याची वाट पाहू नये. ज्या संशोधकाकडे अशी व्यवस्था नाही, त्याने हा कागद गावात वाटूच नये. घरी जाणाऱ्या प्रत्येक सहभागीच्या हातात आम्ही टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक छापलेली चिठ्ठी देतो. ही शासकीय सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि रात्रंदिवस मराठीतही बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती, विरुद्ध सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होती असेच मानले जाते आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही, हेही नातेवाइकांना सांगावे लागते. पोलिसांच्या धास्तीने किती घरे गप्प बसतात, हे वॉर्डात काम केल्याशिवाय कळत नाही.

इतके दोष सांगूनही मी हा कागद सोडलेला नाही, आणि त्याचे कारण एका गुणात आहे जो इतर साधनांत मला इतक्या सहज मिळाला नाही : तो बदल दाखवतो. एकाच रुग्णाला, त्याच व्यक्तीने, त्याच पद्धतीने दर दोन-चार आठवड्यांनी विचारले, तर अठरावरून अकरावर आणि अकरावरून सहावर आलेले गुण डॉक्टरला आणि रुग्णाला दोघांनाही समजतात. डायलिसिसवरच्या एका काकांनी आपल्या वहीत मागचे पाच आकडे लिहून ठेवले होते, रक्ततपासणीतल्या क्रिएटिनिनच्या आकड्यांशेजारी. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांकरवी नैराश्याचा थोडक्यात करता येणारा उपचार दिला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले, त्या चाचणीतही रुग्णांची निवड याच प्रश्नावलीवर झाली होती. तेथे सीमा मात्र १० ची नव्हती. १४ हून अधिक गुण असलेल्यांनाच घेतले होते. सीमा आपल्या हेतूनुसार आणि आपल्या लोकांवर पारखून ठरवायची असते, हे त्या एका निर्णयातून विद्यार्थ्यांनी शिकण्यासारखे आहे.

तेव्हा कोणी घ्यावी? ओपीडीत नैराश्याची शंका मनात यावी एवढ्यासाठी हवी असेल, तर निःशंक घ्यावी. उपचाराचा परिणाम पाहायचा असेल, तर घ्यावीच. आजाराचे प्रमाण सांगणारा प्रबंध करायचा असेल, तर ती एकटी घेऊ नये. निदान दहाच्या वर गेलेल्या सर्वांची आणि खालच्यांतील काहींची रीतसर निदानात्मक मुलाखत घ्यावी, मग नमुना दोनशेऐवजी ऐंशीचा झाला तरी चालेल. ऐंशी माणसांशी प्रत्येकी पाऊण तास बोललेला विद्यार्थी दोनशे कागद गोळा केलेल्या विद्यार्थ्यापेक्षा या विषयात पुढे जातो, असे मी माझ्या विभागात पाहिले आहे. खूप अशक्त रुग्णांच्या वॉर्डात गुण जपून वाचावेत. आणि छापण्यापूर्वी तळची ओळ आली आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

यंदा आमच्याकडे आलेल्या नव्या निवासी डॉक्टरने मधुमेही पायाच्या जखमा असलेल्या रुग्णांवर काम करायचे ठरवले आहे. तिचा सिनॉप्सिस काल माझ्या टेबलावर आला. साधनांच्या यादीत पीएचक्यू-९ आहे, तिच्यापुढे निदानात्मक मुलाखतीची सोय लिहिली आहे, नवव्या प्रश्नाची व्यवस्था वेगळ्या परिच्छेदात आहे, आणि खर्चाच्या तक्त्यात छपाईच्या खाली एक ओळ आहे : चिंचोके, शून्य रुपये.